मायनस चाळीसचा ड्यूक

राज्य जिंकायला सैन्य लागतं. ते टिकवायला रुसवेफुगवे सांभाळावे लागतात. मध्ययुगीन राजकारणाच्या एका गेममधला हा फंडा क्युबिकलमध्येही लागू पडतो!

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बंदुका, गाड्या, उड्या आणि शेजारच्या खोलीतून ओरडणारी आई. पण एक गेम असा आहे, ज्यात राजाचा निम्मा वेळ लोकांची समजूत काढण्यात जातो. कुणाला पद हवंय, कुणाच्या मुलीचं लग्न जमवायचंय, कुणाला मेजवानीचं आमंत्रण गेलं नाही म्हणून राग आलाय. अगदी आपल्याकडच्या लग्नघरासारखं! फरक एवढाच, की इथे रुसलेला पाहुणा घरी जाऊन सैन्य गोळा करतो.

गेमचं नाव ‘क्रूसेडर किंग्ज ३’. स्टॉकहोमच्या पॅरडॉक्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा. मालिकेतला पहिला गेम २००४ मध्ये आला, दुसरा २०१२ मध्ये आणि हा तिसरा सप्टेंबर २०२० मध्ये. इसवी सन ८६७ किंवा १०६६ पासून सुरुवात करायची (२०२४ मध्ये ११७८ हा आणखी एक पर्याय आला) आणि १४५३ पर्यंत आपलं घराणं टिकवायचं. आयर्लंडपासून आपल्या दख्खनपर्यंतचा नकाशा समोर असतो. तुमचा राजा म्हातारा होतो, आजारी पडतो, मरतो. मग तुम्ही त्याच्या वारसाच्या भूमिकेत शिरता आणि खेळ पुढे सुरू.

बाहेरून बघणाऱ्याला हा लढायांचा गेम वाटतो. लढाया आहेतच. पण आठ-दहा तास खेळलात की लक्षात येतं, राजाची झोप उडवणारा माणूस सीमेपलीकडे क्वचितच असतो. तो दरबारात पहिल्या रांगेत बसलेला असतो आणि तुमचं मीठ खात असतो. तो म्हणजे तुमचा मांडलिक.

मांडलिक हवेतच कशाला?

कारण सगळं एकट्याला झेपत नाही. गेममध्ये राजाला स्वतःच्या हातात मोजकेच परगणे ठेवता येतात. कारभारात हुशार राजा असेल तर एखाद-दुसरा जास्त. मर्यादा ओलांडली की महसूल आणि सैन्य दोन्हींना कात्री लागते. आपल्या जुन्या कागदपत्रांत यासाठी दोन छान शब्द आहेत. सरकारनं थेट स्वतःकडे ठेवला तो खालसा मुलूख आणि सरदाराला दिली ती जहागीर. गेमचं अर्धं शहाणपण कुठला मुलूख खालसा ठेवायचा आणि कुठला वाटून टाकायचा यातच आहे.

वाटला की वाटेकऱ्याच्या मनात स्वप्नं सुरू होतात. आपल्याच इतिहासात बघा. सेऊणदेशाचे यादव हे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाली आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचवा भिल्लम स्वतंत्र झाला. देवगिरीचं वैभव तिथून सुरू होतं. आपण ही गोष्ट अभिमानानं सांगतो. पण क्षणभर चालुक्यांच्या खुर्चीत बसून बघा. पिढ्यान् पिढ्या आपल्या हाताखाली असलेलं घराणं एक दिवस ‘नमस्कार, येतो आम्ही’ म्हणून निघून जातं! ‘क्रूसेडर किंग्ज’ तुम्हाला त्या खुर्चीत बसवतो.

मानपानाचं गणित

गेममध्ये प्रत्येक मांडलिकाचं तुमच्याविषयीचं मत आकड्यात दिसतं. मायनस शंभर ते प्लस शंभर. त्या आकड्यावर माउस नेला की हिशोबाची वहीच उघडते. अमुक साली भेट दिली, इतके प्लस. धर्म वेगळा, इतके मायनस. ज्या जहागिरीवर तो हक्क सांगतो ती तुमच्याकडे आहे, आणखी मायनस. व्याह्यांकडच्या मावशी वीस वर्षांपूर्वीच्या आहेराच्या साडीचा पोत जसा लक्षात ठेवतात, तसंच हे.

या वहीतली सगळ्यात महागडी नोंद कुठली माहितीये? खुर्चीची. राजाच्या मंत्रिमंडळात पाच मुख्य जागा असतात. चान्सलर, कारभारी, सेनापती, हेरप्रमुख आणि राजपुरोहित. राज्यातल्या बलाढ्य मांडलिकांना वाटतं की यातली एक जागा आपली हक्काचीच. ती मिळाली नाही तर सरळ मायनस चाळीस! राजपुरोहिताची जागा युरोपातल्या ख्रिस्ती राज्यात बहुधा धर्मगुरूकडे जाते. म्हणजे सरदारांसाठी उरल्या चार. बलाढ्य मंडळी पाच-सहा असली की झालं डोक्याला टेन्शन सुरू.

आता खरी गोची बघा. एखाद्या साध्या दरबाऱ्याकडे कारभाराचं कसब अफाट आहे. तो कारभारी झाला तर खजिना भरेल. आणि एक ड्यूक आहे, ज्याला बेरीज-वजाबाकीही धड येत नाही, पण दोन हजारांचं सैन्य त्याच्याकडे आहे. खुर्ची कुणाला द्याल? कामाचा माणूस की वजनदार माणूस? ज्यांनी कुठल्याही ऑफिसात प्रमोशनची यादी लागताना बघितली आहे, त्यांना हा प्रश्न मध्ययुगीन वाटणार नाही.

माझं उत्तर असं, की खुर्ची सहसा ड्यूकला द्यावी. हुशार कारभाऱ्यामुळे मिळणारा जादा पैसा एका बंडाच्या खर्चात उडून जातो. अपवाद फक्त हेरखात्याचा. तुमच्या पाण्यात काय मिसळलं जातंय यावर लक्ष ठेवणारा माणूस मनापासून तुमचा हवा. तिथे मानपान चालत नाही.

सगळे खूश कशाला हवेत?

नवखा खेळाडू काय करतो? यादी उघडतो, लाल आकडे दिसले की घाबरतो आणि प्रत्येकाला सोन्याच्या थैल्या पाठवत सुटतो. याला भेट, त्याला मेजवानी, तिसऱ्याबरोबर शिकार. दोन वर्षांत खजिना रिकामा! राजाचं पार इव्हेंट मॅनेजमेंट होऊन जातं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सरंजामी मांडलिक राजाला कर किती देणार आणि सैनिक किती देणार, हे कराराने ठरलेलं असतं. तो तुमच्यावर खूश आहे की चिडलेला, याने त्या आकड्यात फरक पडत नाही. एखाद्या कोपऱ्यातला काउंट तुम्हाला रोज शिव्या घालत असेल, पण त्याचा कर वेळेवर येतोय ना? मग घालू दे शिव्या. अप्रेझलच्या महिन्यात कँटीनमध्ये कुठल्या बॉसला चांगलं म्हणतात?

नाराजी धोक्याची होते ती नाराज माणसं एकत्र आली की. गेममध्ये यांना फॅक्शन म्हणजे गट म्हणतात. एका गटाला स्वातंत्र्य हवं असतं, दुसऱ्याला राजाचे अधिकार कमी करून हवे असतात, तिसऱ्याला तुमच्याऐवजी तुमचा चुलतभाऊ गादीवर बसवायचा असतो. गटाचं सैन्यबळ तुमच्या बळाच्या जवळपास म्हणजे साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत गेलं की असंतोषाचा काटा वर सरकू लागतो. तो शंभरावर पोचला की दारात खलिता. मागण्या मान्य करा, नाहीतर युद्ध.

म्हणजे बघायचं काय? तर कोण रुसलाय, त्याच्याकडे बळ किती आणि तो कुणाबरोबर जाऊ शकतो. दर वर्षी जानेवारीत मी मांडलिकांची यादी बळाच्या क्रमानं लावते. खालच्या निम्म्या यादीकडे बघतसुद्धा नाही. वरच्या चार-पाच जणांवर मात्र नीट खर्च करते. गटात पाच जण असतील तर पाचही जणांना पटवायची गरज नसते. त्यातला सगळ्यात तगडा एक फोडला तरी काटा खाली येतो.

फोडायचे उपाय बरेच आहेत. सोनं पाठवता येतं. लग्न जमवता येतं. तुमच्या मुलीशी त्याच्या मुलाचं लग्न लागून युती झाली, की ती युती असेपर्यंत व्याही तुमच्याविरुद्धच्या गटात जात नाही. पण मुलगी एकच असेल तर ती शेजारच्या राजाच्या घरी द्यायची की आपल्याच ड्यूकच्या, हा प्रश्न उरतोच. परदेशी स्थळ दिसायला भारी. त्याचं सैन्य परक्याशी लढताना कामाला येतं. पण घरचं स्थळ केलं तर मुळात एक लढाईच टळते. कांदेपोहे तेव्हाही सोपे नव्हते, मंडळी!

शिवाय दहशत आहेच. कैद्यांची मुंडकी उडवली की राजाची दहशत वाढते आणि भित्रे मांडलिक गप्प बसतात. स्वस्तातला उपाय, कबूल. पण तो शूर स्वभावाच्या माणसावर फारसा चालत नाही, आणि बंड करायला निघतात ते बहुधा तसलेच. दहशत काळाबरोबर ओसरतेही, म्हणजे पुन्हा कुणाचं तरी मुंडकं शोधा. आरडाओरडा करून डेडलाइन पाळून घेणारे मॅनेजर आठवा. पहिल्या तिमाहीत रिझल्ट झकास येतो. चौथ्या तिमाहीपर्यंत कामाची माणसं नोकरी सोडून गेलेली असतात आणि भित्री तेवढी उरतात.

सिंहाचे तुकडे

एकाच मांडलिकाला किती मोठं होऊ द्यायचं? गेममधले मुरलेले लोक सांगतात की एका माणसाला दोन डची कधी देऊ नयेत. याचा इतिहासातला सॉलिड किस्सा म्हणजे जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा आणि त्याचा भाऊबंद हेन्री द लायन.

हेन्रीकडे सॅक्सनी होतंच. घरातलं भांडण मिटावं म्हणून बार्बारोसानं ११५६ मध्ये त्याला बव्हेरियाही दिलं. बव्हेरियाचा आधीचा धनी नाराज होऊ नये म्हणून त्यातून ऑस्ट्रिया वेगळं काढलं आणि ते त्याला डची म्हणून दिलं. समजूत काढण्याचा उत्तम नमुना! वीस वर्षं ही सोय चालली. पण हेन्री आता इतका मोठा झाला होता, की त्याला सम्राटाची गरज उरली नव्हती. ११७६ मध्ये बार्बारोसा इटलीतल्या शहरांशी लढत होता. त्यानं हेन्रीकडे मदत मागितली. सम्राटानं त्याच्यापुढे गुडघे टेकले, असंही नंतरच्या इतिवृत्तकारांनी रंगवून सांगितलंय. हेन्री आला नाही. त्याच वर्षी लेन्यानोच्या लढाईत सम्राट हरला.

पुढे बार्बारोसानं काय केलं ते बघण्यासारखं आहे. तो रागारागात हेन्रीवर चालून गेला नाही. हेन्रीच्या दांडगाईला कंटाळलेल्या इतर सरदारांच्या तक्रारी त्यानं पुढे येऊ दिल्या, हेन्रीला दरबारात हजर व्हायला बोलावलं आणि तो वारंवार गैरहजर राहिल्यावर ११८० मध्ये इतर सरदारांच्या संमतीनं त्याच्या जहागिरी काढून घेतल्या. सॅक्सनीचे तुकडे झाले. पश्चिमेचा भाग कलोनच्या आर्चबिशपला, पूर्वेचा आनहाल्टच्या बर्नहार्डला. बव्हेरिया ऑटो फॉन विटल्सबाखला, पण त्यातून स्टायरिया वेगळं काढून. हेन्रीला काही काळ इंग्लंडला सासऱ्याच्या घरी जाऊन राहावं लागलं. सासरा म्हणजे राजा दुसरा हेन्री.

गेममध्येही हेच तत्त्व आहे. सबळ कारण नसताना जहागीर काढून घेतलीत तर तुमच्यावर जुलमी राजा असा शिक्का बसतो आणि ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही असे मांडलिकही बिथरतात. आज त्याची गेली, उद्या माझी जाईल! पण बंड करून हरलेल्या सरदाराची जहागीर काढली तर कुणी भुवई उंचावत नाही. कारवाई तीच, अर्थ मात्र वेगळा. कुणाला काढून टाकलं याच्याइतकंच ते कुठल्या नियमानं काढलं याकडे उरलेल्यांचं लक्ष असतं. एचआरवाल्यांनी हे वाक्य कापून सॉफ्टबोर्डला लावायला हरकत नाही.

राजा गेला, वही कोरी

आणि आता या गेममधली सगळ्यात अवघड गोष्ट. तीस वर्षं खपून तुम्ही सगळ्या मांडलिकांना वळणावर आणलंत. कुणाशी मैत्री केलीत, कुणाला सोनं दिलंत, कुणाला धाकात ठेवलंत. एका रात्री राजा झोपेत मरतो. तुम्ही आता त्याचा वीस वर्षांचा मुलगा आहात. यादी उघडता, तर आकडे घसरलेले! कारण मैत्री वडिलांशी होती. धाकही वडिलांचाच होता. त्यात वारसाहक्काच्या कायद्यानं धाकट्या भावांना मुलूख वाटून गेलेला असतो. म्हणजे तुमच्या गादीवर हक्क सांगू शकणारी माणसं आता तुमचीच मांडलिक झालेली असतात.

इंग्लंडचा विल्यम द कॉन्करर हे प्रकरण चांगलं ओळखून होता. १०७५ मध्ये त्याच्याच अर्लांनी त्याच्याविरुद्ध कट केला होता, आणि तो शिजला कुठे? एका लग्नाच्या मेजवानीत! ते बंड मोडलं. पुढे १०८६ मध्ये त्यानं सॉल्सबरीला राज्यातल्या जमीनधारकांना गोळा केलं आणि थेट स्वतःशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. नुसत्या बड्या सरदारांना नाही, तर सरदारांच्या हाताखालच्या माणसांनाही. मधल्या मॅनेजरला वगळून थेट टीमशी संपर्क, असं म्हणा ना.

पण शपथ घेतली होती विल्यमशी, आणि पुढच्याच वर्षी, १०८७ मध्ये विल्यम वारला. थोरल्या रॉबर्टला नॉर्मंडी मिळालं, मधल्या विल्यम रूफसला इंग्लंड. ज्या सरदारांच्या जमिनी समुद्राच्या दोन्ही बाजूंना होत्या त्यांची पंचाईत झाली. एका भावाशी इमान राखलं तर दुसरा नाराज. दोन साहेबांना रिपोर्ट करणाऱ्यांना हे दुःख समजावून सांगायला नको. १०८८ मध्ये खुद्द या भावांच्या काकानं, बायोच्या बिशप ओडोनं, रूफसविरुद्ध बंड उभारलं. रूफस निभावला खरा, पण त्यासाठी त्याला इंग्लिश प्रजेला चांगल्या कायद्यांची आश्वासनं देत फिरावं लागलं. बापानं घेतलेल्या शपथेनं मुलाचं काम भागलं नाही.

म्हणून माझा राजा साठीला आला की मी युद्धं थांबवते आणि एकच प्रश्न विचारते. याच्या मागे काय उरणार आहे? खजिन्यातलं सोनं उरतं, ते वारसाला नव्यानं भेटी वाटायला उपयोगी पडतं. पदरी ठेवलेलं कायमचं सैन्य उरतं. मांडलिकांशी केलेले करार उरतात. कुणाला मंत्रिमंडळात हक्काची जागा, कुणाला स्वतःची नाणी पाडायची मुभा, कुणाला करात सूट, हे ज्याच्या करारात लिहिलंय त्याला ते नव्या राजाकडूनही मिळतं. राजा खमका असताना असे हक्क लिहून द्यायला जीवावर येतं. कर कमी मिळतो, ऐट कमी होते. पण ज्या ड्यूकला आपला हक्क कागदावर दिसतो, त्याला गादीवर कोण बसलंय याची धास्ती जरा कमी वाटते.

माझी एक मैत्रीण एका कंपनीत सहा वर्षं काम करत होती. बॉस एकदम सही माणूस. ‘तू संध्याकाळी पाचला नीघ, मुलाला पाळणाघरातून आणायचं असतं ना, मी बघतो’, ‘पुढच्या वर्षी तुझं डेझिग्नेशन नक्की’, सगळं प्रेमानं आणि तोंडी. ती त्याच्यासाठी रविवारीही लॅपटॉप उघडायची. मग त्याला दुसरीकडे मोठी ऑफर आली. केक कापला, फोटो काढले, तो गेला. नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “तुम्ही रोज पाचला कशा निघता?” ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडे कसलीच नोंद नव्हती, एवढंच. तिच्या सहा वर्षांच्या निष्ठेचं खातं गेलेल्या माणसाच्या नावावर होतं.

जुन्या बॉसनं एक मेल टाकली असती तरी भागलं असतं. चांगल्या माणसांकडून हेच राहून जातं. आपण आहोत ना, मग कागद कशाला, असं त्यांना वाटतं. आपण कायम नसणार, हे गेममधल्या राजाला वयाच्या आकड्यावरून तरी दिसत असतं.

तेव्हा मंडळी, तुमच्या हाताखाली चार माणसं असतील तर त्यांना काय काय कबूल केलंय ते या आठवड्यात एकदा लिहून काढा. आणि तुम्हीच कुणाच्या हाताखाली असाल, तर पुढच्या वेळी साहेब खांद्यावर हात ठेवून ‘डोंट वरी, मी आहे ना’ म्हणाले की गोड हसा आणि म्हणा, “थँक यू सर. तेवढं मेलवर टाकता का?”